पासवर्ड हॅशिंग लायब्ररी वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड, दारव्हा, मेहकर, हिंगणघाट असल्या गावी बसून पतसंस्था, जिनिंग, शाळा, कृषी केंद्र यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारी पोरं-पोरी आता बरीच झाली, आणि लॉगिनपाशी आले की सगळ्यांची गाडी त्याच त्याच प्रश्नांवर अडते. म्हणून हे एका जागी लिहून ठेवलं. उदाहरणं जास्त करून पीएचपीची आहेत कारण इकडं स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे तेच, पायथन-नोडवाल्यांसाठीही मधे मधे आहे. एक आधीच सांगतो, लायब्ररी स्वतः क्वचितच चुकते, घोळ होतो तो तिच्या अलीकडं-पलीकडं, त्यामुळे खालचे अर्ध्याहून जास्त प्रश्न लायब्ररीबद्दल नाहीतच.

ही लायब्ररी नेमकं करते काय?

दोनच कामं. नवीन खातं उघडताना पासवर्ड द्यायचा, ती एक लांब स्ट्रिंग, म्हणजे हॅश, देते, ती डेटाबेसमध्ये टाकायची. लॉगिनच्या वेळी टाइप केलेला पासवर्ड आणि ती जुनी स्ट्रिंग दोन्ही द्यायचं, ती हो किंवा नाही सांगते. पीएचपीत ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, यासाठी पासवर्ड हॅश आणि पासवर्ड व्हेरिफाय अशी दोन फंक्शनं आतच दिलेली आहेत, वेगळं काही टाकायची गरज नाही. स्ट्रिंगवरून पासवर्ड परत काढून देणारं तिसरं फंक्शन नाही, आणि ते मुद्दामच नाही.

बीक्रिप्ट ही हॅश करायची एक पद्धत, तिची स्ट्रिंग एकदा नीट निरखून पाहा, ६० अक्षरांची असते. पहिली ७ अक्षरं म्हणजे कोणती पद्धत आणि किती कॉस्ट (हॅश काढायला किती मेहनत लावायची तो आकडा), पुढची २२ म्हणजे सॉल्ट (प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळलेला वेगळा रँडम तुकडा), उरलेली ३१ म्हणजे खरा हॅश. पडताळणीला जे जे लागतं ते सगळं त्याच स्ट्रिंगमध्ये बसलेलं असतं.

मग सॉल्टसाठी वेगळा कॉलम कायले पाह्यजे?

नाहीच पाह्यजे. लायब्ररी दर वेळी नवीन सॉल्ट स्वतः बनवते आणि वर सांगितलं तसं स्ट्रिंगमध्येच ठेवते. आपल्या हातानं सॉल्ट द्यायची सोय पीएचपी ७ मध्ये नको म्हणून सांगितली गेली आणि ८ पासून तर तुम्ही दिलेला सॉल्ट सरळ दुर्लक्षित होतो. जुन्या यूट्यूब व्हिडिओत दिसला तर व्हिडिओ बदला.

आमचं जुनं सॉफ्टवेअर एमडी५ वर इतकी वर्षं चाललं, मग आता काऊन बदलायचं?

चाललं कारण कोणी डेटाबेस उचलून नेला नाही. एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीची भानगड अशी की ते फार फास्ट आहे, फाइल तपासायला ते चांगलं पण पासवर्डसाठी तेच वाईट. आरटीएक्स ४०९० सारखं एक ग्राफिक कार्ड हॅशकॅट हे पासवर्ड फोडायचं सॉफ्टवेअर चालवून सेकंदाला दीडशे अब्जांहून जास्त एमडी५ करून पाहते. तेच कार्ड बीक्रिप्टवर, कॉस्ट १२ असेल तर, सेकंदाला दीड हजाराच्याही आतच राहते.

आता आपल्याकडचे पासवर्ड कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे, मोबाइल नंबर, पोरीचं नाव आणि जन्मसाल, नाहीतर गाडीचा नंबर. यवतमाळची गाडी धरा, एमएच २९ तर ठरलेलं, पुढं दोन अक्षरं आणि चार आकडे, म्हणजे फार तर साठ-सत्तर लाख शक्यता. एमडी५ असेल तर पापणी लवायच्या आत सगळ्या तपासून होतात आणि सॉल्ट नसेल तर एकाच फटक्यात सगळ्या सभासदांसाठी होतात. बीक्रिप्टवर त्यालाच एका माणसामागं सव्वा तास लागतो, आणि सॉल्ट प्रत्येकाचा वेगळा म्हणून पुढच्या माणसासाठी परत पहिल्यापासून. चारशे सभासद म्हणजे वीस दिवसांचं काम झालं. हेही लक्षात घ्या की वीस दिवस म्हणजे काही कायमचं कुलूप नाही, लायब्ररी वेळ मिळवून देते, लोकांना कळवायला आणि पासवर्ड बदलायला लावायला, गाडीच्या नंबरला भक्कम पासवर्ड ती करू शकत नाही.

सॉल्ट ही काही नवी टूम नाही, रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्सच्या संदर्भात हे लिहून ठेवलेलं आहे. तरी २०१२ मध्ये लिंक्डइनचे हॅश बाहेर आले ते बिनसॉल्टचे एसएचए-१ (हीही एमडी५ सारखीच फास्ट पद्धत) निघाले, तेव्हा ६५ लाखांच्या आसपास दिसले आणि २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटी ७० लाखांचा आहे.

बीक्रिप्ट, एसक्रिप्ट, आर्गॉन२, पीबीकेडीएफ२, यातलं घ्यायचं कोणतं?

नवीन काम असेल आणि सर्व्हरवर मेमरी असेल तर आर्गॉन२आयडी, म्हणजे आर्गॉन२ चाच एक प्रकार. शेअर्ड होस्टिंग असेल किंवा ते उपलब्धच नसेल तर बीक्रिप्ट. यावर रात्र घालवू नका, दोन्ही चालतात.

थोडी माहिती म्हणून: बीक्रिप्ट १९९९ चं, नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांचं. एसक्रिप्ट कॉलिन पर्सिव्हल यांनी २००९ मध्ये आणलं, मेमरीपण जास्त खायला लावायची ही कल्पना तिथं नीट आली, कारण ग्राफिक कार्डकडं कोअर भरपूर असतात पण प्रत्येकाच्या वाट्याला मेमरी थोडी. आर्गॉन२ नं २०१५ ची पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकली. पीबीकेडीएफ२ जुनं आहे, पायथनचं जॅंगो फ्रेमवर्क डिफॉल्टला तेच वापरतं, वाईट नाही पण फेऱ्या भरपूर लागतात, ओवॅस्प (वेब सुरक्षेवर सल्ले देणारी संस्था) एसएचए-२५६ सोबत ६ लाख फेऱ्या सांगतं.

कॉस्ट किती ठेवू?

ज्या मशीनवर खरोखर चालणार आहे तिच्यावर मोजा. तुमच्या लॅपटॉपवर नाही. एका लॉगिनला पाव ते अर्धा सेकंद जात असेल तर बरोबर आहे. बीक्रिप्टची कॉस्ट एकानं वाढवली की काम दुप्पट होतं, म्हणजे १० वरून १२ केलं की चौपट. पीएचपीत आधी डिफॉल्ट १० होती, ८.४ मध्ये १२ केली. संस्थेच्या ऑफिसात कोपऱ्यातला जुना सेलेरॉन पीसीच सर्व्हर असेल तर १२ वर तो कण्हतो, तिथं ११ किंवा १० ठेवा, १० च्या खाली जाऊ नका.

आर्गॉन२ घेतलं तर मेमरीचा हिशोब आधी करा. पीएचपीत त्याचं डिफॉल्ट एका हॅशला ६४ एमबी आहे. पीक कर्जाच्या दिवसात सकाळी ऑफिस उघडलं की पाच शाखांचे वीस जण एकदमच लॉगिन करतात, वीस गुणिले ६४ म्हणजे १२८० एमबी, आणि तुमचा सर्व्हर घेतलाय १ जीबीचा. मंग प्रोसेस मरते आणि शाखेतून फोन येतो की सॉफ्टवेअर गेलं. ओवॅस्पनं १९ एमबी, २ फेऱ्या, १ थ्रेड असं कमीत कमी सांगितलंय, लहान सर्व्हरवर तिथून सुरुवात करा.

डेटाबेसचा कॉलम किती मोठा?

२५५. आज बीक्रिप्टला ६० पुरतात पण उद्या डिफॉल्ट बदललं तर पुरणार नाहीत. कॉलम ५० चा ठेवला आणि जुनं मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडशिवाय चालत असेल तर ते गुपचूप शेपूट कापून साठवतं, काही एरर येत नाही, फक्त एकही माणूस लॉगिन होत नाही. मग पोरं लायब्ररीत बग शोधत बसतात.

अध्यक्ष म्हणते मले सगळ्यायचे पासवर्ड स्क्रीनवर दिसले पाह्यजे. काय सांगू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि इकडच्या अर्ध्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड उघडे पडून असण्याचं खरं कारण हेच आहे, ज्ञान कमी म्हणून नाही तर गिऱ्हाइकाला नाही म्हणवत नाही म्हणून.

त्यांच्याशी हॅकरच्या गोष्टी करू नका. ते म्हणतील आपल्या गावात कोण येते हॅकर. त्यापेक्षा ऑडिटची गोष्ट करा. समजा वसुलीची एक एंट्री मागच्या तारखेनं बदललेली निघाली, ऑडिटरनं विचारलं कोणी केली, सॉफ्टवेअर सांगते अमुक क्लार्कच्या लॉगिननं झाली. क्लार्क म्हणतो, साहेब माझा पासवर्ड तर अध्यक्षसाहेबांच्या स्क्रीनवर दिसते, मी कशावरून केली. आता अडकलं कोण? हे सांगितल्यावर बहुतेक अध्यक्ष स्वतःच म्हणतात की मंग नको बाप्पा मले.

नंतर त्यांना खरं काय हवं होतं ते विचारा. क्लार्क पासवर्ड विसरला तर काम अडू नये हे असतं, त्याला रिसेटचं बटन द्या, तात्पुरता पासवर्ड एकदाच दिसेल आणि पहिल्या लॉगिनला बदलावाच लागेल. क्लार्क नोकरी सोडून पुण्याला गेला तर खातं बंद करता यावं हे असतं, त्याला तेवढं बटन द्या. दुसऱ्याचं काम पाहता यावं असं असेल तर अध्यक्षांच्या स्वतःच्या लॉगिनला तो अधिकार द्या आणि कोणी काय पाहिलं याची नोंद ठेवा. तिन्ही गोष्टींत पासवर्ड दिसायची गरज कुठंच येत नाही.

मग हॅश न करता एन्क्रिप्ट करून ठेवतो, लागला तर उघडू, हे कसं?

ॲडोबीनं असंच ठेवलं होतं. २०१३ मध्ये डेटा बाहेर पडला तेव्हा पासवर्ड ट्रिपल डीईएसनं एन्क्रिप्ट केलेले होते, तेही अशा मोडमध्ये की सारख्या पासवर्डचं रूप सारखंच यायचं, आणि बाजूला लोकांनी लिहिलेल्या हिंट उघड्या. लोकांनी किल्ली न मिळवता कोडं सोडवल्यासारखे पासवर्ड काढले. आणि आपल्याकडं ती किल्ली कुठं असणार, त्याच सर्व्हरवर कॉन्फिगच्या फाइलमध्ये.

मराठीत पासवर्ड टाकू द्यायचा का?

द्यायचा, पण इथं दोन खड्डे आहेत, आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ते कोणी सांगत नाही कारण त्यांना ते लागतच नाहीत.

पहिला खड्डा ७२ बाइटचा. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच घेतं. इंग्रजीत ७२ अक्षरं कोण टाकते, पण युनिकोडमध्ये देवनागरीचा एक एक घटक ३ बाइटचा, काना-मात्रा-वेलांटी-हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे २४ घटकांत खेळ खल्लास. कोणी भक्तिभावानं "जय श्री संत गजानन महाराज शेगाव" ठेवला तर स्पेस धरून ते ८० बाइट होतात. बहात्तराव्या बाइटवर कात्री लागते ती "शे" नंतर, आणि "ग" चा पहिला बाइट तेवढा आत राहतो, जो सगळ्या देवनागरी अक्षरांचा एकसारखाच असतो. म्हणून शेवटी शेगावच्या जागी शेलू लिहिलं तरी लॉगिन होते. पीएचपी हे गुपचूप कापतं. पायथनच्या बीक्रिप्ट लायब्ररीनं ५.० पासून ७२ च्या वर गेलं की एरर द्यायला सुरुवात केली, ते बरं झालं.

उपाय म्हणजे एकतर आर्गॉन२ वापरा, त्याला ही मर्यादा नाही. किंवा बीक्रिप्टच ठेवायचं तर लांबी बाइटमध्ये तपासा, अक्षरांत नाही, आणि जास्त असेल तर स्पष्ट सांगा. तिसरा रस्ता, आधी एसएचए-३८४ काढून मग बीक्रिप्ट, वर्डप्रेसनं ६.८ मध्ये असंच केलं, पण मधे बेस६४ (बाइटची साधी अक्षरं) करायला विसरू नका कारण कच्च्या हॅशमध्ये शून्य बाइट आला की काही बीक्रिप्ट लायब्ररी तिथंच थांबतात.

दुसरा खड्डा जास्त चावट आहे. "वऱ्हाड" हाच शब्द घ्या. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र हा ऱ आणि हलन्त असा येतो, १८ बाइट. दुसऱ्यावर र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडणारा घटक असा येतो, २१ बाइट. डोळ्याला दोन्ही सारखेच, हॅशला दोन वेगळे पासवर्ड. माणूस मोबाइलवर खातं उघडतो आणि सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करतो, होतच नाही, आणि तो शपथेवर सांगते की मी बरोबर टाकला, आणि तो खरंच बोलत असतो. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करा, पण त्यानं र खाली नुक्ता देऊन टाइप केलेला ऱ तेवढा सरळ होतो, हा न दिसणारा घटक तसाच राहतो. त्यासाठी हॅश करायच्या आधी स्वतः एक बदल लिहावा लागतो आणि तो खातं उघडताना आणि लॉगिन करताना एकाच फंक्शनमधून गेला पाहिजे, दोन जागी दोनदा लिहिलात तर कधी ना कधी वेगळे होतीलच. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडेही एक समजले जात नाहीत, कोणत्याच नॉर्मलायझेशननं. आणि पासवर्ड दाखवायचं डोळ्याचं बटन ठेवा, निदान कोणत्या लिपीत टाइप होतंय ते तरी दिसेल.

यूझरनेम आणि पासवर्ड जोडून हॅश केलं तर जास्त मजबूत होईल ना?

नाही, उलट फसाल. लॉगिनची सेवा विकणाऱ्या ओक्टा कंपनीनं २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या एका कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) किल्लीत यूझर आयडी, यूझरनेम आणि पासवर्ड जोडून बीक्रिप्टला दिलं जायचं, यूझरनेम ५२ अक्षरांचं किंवा जास्त असलं की पासवर्ड ७२ बाइटच्या बाहेर पडायचा, आणि काही परिस्थितीत पासवर्ड न तपासताच आत जाता यायचं. लायब्ररीला फक्त पासवर्ड द्या.

तीन हजार लोकांचे जुने एमडी५ पडून आहेत, सगळ्यांना पासवर्ड बदला म्हणू का?

म्हटलं तर गावोगावचे फोन घेत बसाल. जुना एमडी५ जो ३२ अक्षरांचा आहे तोच पासवर्ड समजून त्यावर बीक्रिप्ट चालवा आणि जागच्या जागी ठेवा, लॉगिनला आधी एमडी५ काढून मग पडताळा. माणूस एकदा बरोबर लॉगिन झाला की खरा पासवर्ड हातात असतोच, तेव्हा सरळ नवीन हॅश करून टाका. कॉस्ट पुढं वाढवली तरी हीच रीत, पीएचपीत नीड्स रीहॅश नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे.

एक काळजी घ्या, प्रत्येक ओळीवर खूण ठेवा की हिच्यावर बीक्रिप्ट बसवून झालं. स्क्रिप्ट अर्ध्यात असताना लाईन गेली, इन्व्हर्टर बसला, परत चालू केली आणि पहिल्या हजार लोकांवर दोनदा बीक्रिप्ट बसलं तर तो हॅश उलटा फिरवता येत नाही. बॅकअप घ्या, आणि काम नीट झाल्यावर त्या बॅकअपमधले जुने एमडी५ पुसून टाका. ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटचं २०१५ मध्ये हेच झालं, पासवर्ड बीक्रिप्टमध्ये कॉस्ट १२ नं नीट ठेवलेले, पण बाजूच्या एका कॉलममध्ये त्याच पासवर्डवरून बनवलेला एमडी५ पडलेला, त्यातून एक कोटीहून जास्त पासवर्ड निघाले.

आधार नंबर आणि मोबाइल नंबरही हॅश करून ठेवले तर लपतात का?

नाही लपत. मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६ ते ९, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. साधा एसएचए-२५६ असेल तर वर सांगितलेलं आरटीएक्स कार्ड हे सगळे एका सेकंदाच्या आत मोजून टाकते. आधारला थोडा वेळ जास्त, इतकंच. असल्या गोष्टी गरज असेल तरच ठेवा, ठेवल्या तर एन्क्रिप्ट करा आणि किल्ली वेगळीकडं ठेवा. आणि झेरॉक्सचे स्कॅन सर्व्हरच्या उघड्या फोल्डरमध्ये पडलेत का ते आधी पाहा, तिथं हॅशचा विषयच येत नाही.

रिसेटची लिंक आणि ओटीपी?

लिंकमधलं टोकन लांब आणि रँडम असतं, त्याला एसएचए-२५६ पुरतं. सहा आकडी ओटीपीत दहाच लाख शक्यता, तिथं हॅशपेक्षा मुदत आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा महत्त्वाची.

ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टनं हॅश करून पाठवलं तर?

मग तो हॅशच पासवर्ड झाला, चोरणारा तोच पाठवेल. एचटीटीपीएस लावा, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे.

नोडमध्ये बीक्रिप्ट इन्स्टॉलच होत नाही.

तयार फाइल उतरली नाही की ते तिथल्या तिथं कंपाइल करायला जातं, त्याला पायथन आणि सी प्लस प्लसचा कंपायलर लागतो, आणि आपलं नेट मधेच तुटते. बीक्रिप्टजेएस घ्या, शुद्ध जावास्क्रिप्ट आहे, थोडं हळू. नाहीतर नोडच्या स्वतःच्या क्रिप्टो मॉड्यूलमधलं एसक्रिप्ट, काहीच डाउनलोड करावं लागत नाही.

पायथनमध्ये पासलिब चालेल का?

चांगली लायब्ररी होती, पण शेवटचं व्हर्जन २०२० चं आहे आणि नवीन बीक्रिप्टसोबत तिची कुरबुर होते. नवीन कामाला आर्गॉन२-सीएफएफआय सरळ वापरा.

सगळं बरोबर केलं, तरी पासवर्ड कुठून गळू शकतो?

लॉगमधून. ट्विटर बीक्रिप्ट वापरत होतं आणि तरी २०१८ मध्ये त्यांना सगळ्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं, कारण हॅश व्हायच्या आधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये लिहिला जात होता. तुमच्या कोडमध्ये फॉर्मचा सगळा डेटा फाइलमध्ये ओतणारी ती एक डीबगची ओळ अजून असेल, आजच शोधा. व्हॉट्सॲपवर क्लायंटला पाठवलेली डेटाबेसची फाइल हा दुसरा रस्ता.

कायद्याचं काही आहे का याच्यात?

आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, डेटा सांभाळायला योग्य ती खबरदारी घेतली नाही तर त्यात २५० कोटींपर्यंत दंड लिहिलाय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २०२२ चे निर्देश वेगळे, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायच्या. तुमच्या संस्थेला नेमकं काय लागू होतं ते वकिलाला विचारा.

हे सगळं बरोबर बसलं का, तपासू कसं?

एकच पासवर्ड दोनदा हॅश करा, दोन वेगळ्या स्ट्रिंग आल्या पाहिजेत. डेटाबेसमधून परत वाचून लांबी मोजा, बीक्रिप्ट असेल तर ६० च. शेवटचं अक्षर बदलून लॉगिन करून पाहा, मग तेच ८० बाइटच्या मराठी पासवर्डवर करा, दोन्हीकडं नाही आलं पाहिजे. पासवर्डच्या पुढं-मागं स्पेस देऊन पाहा, तुमचा फॉर्म तो एका जागी छाटतो आणि दुसऱ्या जागी नाही असं तर होत नाही ना. नसलेल्या यूझरनं लॉगिन केलं तर उत्तर पटकन येते आणि असलेल्यानं केलं तर उशिरा, असं असेल तर कोणाचं खातं आहे ते बाहेरच्याला कळते, म्हणून यूझर सापडला नाही तरी एका खोट्या हॅशवर पडताळणी चालवा. ऑटोमॅटिक टेस्टमध्ये कॉस्ट ४ ठेवा नाहीतर दोनशे टेस्ट चालायला चहा पिऊन याल, फक्त ती ४ खऱ्या सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये जाणार नाही तेवढं पाहा.